जस्तोबाचा शेंदूर

धामणघाटात डोमाजी ढिवराबद्दल कुणालाही विचारलं असतं, तर चांगलंच ऐकायला मिळालं असतं. माणूस नदीवरचा, पण दारूला शिवत नाही. पुरात उडी घालून माणसं काढतो आणि वर त्याचा पाढा वाचत नाही. त्याच्याबद्दल वाईट मत असलेला माणूस गावात एकच होता, आणि तो म्हणजे खुद्द डोमाजी. हे मत त्याने उगाच करून घेतलं नव्हतं. त्याला कारण होतं आणि ते नावेच्या बुडाखाली होतं.

नाव लोखंडी होती. डोमाजीच्या बापाने जन्मभर लाकडी डोंगा वल्हवला, डोमाजीनेही अर्धं आयुष्य त्यातच काढलं. मग एक्कावन्न साली सरकारने घाटावर ही नाव पाठवली. लढाईनंतर लिलावात निघालेली, इंजिनावर चालणारी, मागे पाण्यात पितळेचा पंखा आणि त्याच्या मागे सुकाणू. उन्हाळ्यात वर्धा नदी बकरीसुद्धा चालत ओलांडते, पण आषाढ लागला की तिच्यापुढे हत्तीचंही काही चालत नाही. पलीकडच्या काठाचे भाजीवाले वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन या काठावर उतरायचे आणि बैलगाडीने तळेगावच्या बाजाराला जायचे. त्यांचं सगळं त्या नावेवर, आणि नाव डोमाजीच्या हवाली.

नावेबरोबर वर्ध्याहून बंडोपंत ओव्हरसियर आले होते. चष्मा लावणारा, बारीक अंगाचा, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणारा माणूस. त्यांनी डोमाजीला नावेखाली वाकायला लावलं आणि मागच्या बाजूला पंख्याजवळ घट्ट बसवलेल्या दोन लाद्या दाखवल्या. विटेएवढ्या, राखाडी रंगाच्या.

"हे जस्त," बंडोपंत म्हणाले. "पितळ आणि लोखंड पाण्यात शेजारी आले की पाणी लोखंडाला खाऊ लागतं. पण पाण्याला लोखंडापेक्षा जस्त गोड लागतं असं समज. ते जस्त खात बसेल, तोवर तुझं लोखंड वाचेल. म्हणून हे झिजलंच पाहिजे. बाकी बुडाला खुशाल डांबर फास, पण याला रंग लावायचा नाही. हे उघडं पाहिजे."

"अन् सरलं त मंग?"

"अर्धं उरलं की मला कळव. मी दुसरं पाठवतो. काय लावायचं नाही?"

"रंग," डोमाजी म्हणाला.

बंडोपंतांनी ते त्याच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं आणि समाधानाने वर्ध्याला गेले. बिचाऱ्यांचं चुकलं काही नाही. चुकलं असेल तर एवढंच, की त्यांनी सगळं सांगितलं पण नेमका एक शब्द कमी सांगितला.

पुढच्या वैशाखात नाव काठावर ओढली, तेव्हा जस्ताच्या लाद्यांची दशा पाहण्यासारखी झाली होती. जागोजाग खड्डे, त्यांत पांढरी भुकटी, कडा कुरतडलेल्या. सगळं जसं व्हायला हवं होतं तसंच झालं होतं. पण गावचे खुशाल पाटील तिथे आले, वाकून पाहिलं आणि चार माणसांत म्हणाले, "काय गा डोमाजी, सरकारच्या नावेले देवी निघाल्या काय?"

माणसं हसली. पाटील आपले सवयीने बोलून गेले, पण डोमाजीला ते लागलं. त्याच्या घरात एक वेळ कोळिष्टकं असतील, नावेत मातीचा डाग नसायचा. जगात काही माणसं अशी असतात, की त्यांच्या ताब्यातली वस्तू कुणी खराब म्हटली तर त्यांना स्वतःलाच शिवी दिल्यासारखी वाटते. डोमाजी त्यांतला. झिजलंच पाहिजे हे त्याला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि चारचौघांत दाखवायला लाज न वाटणं वेगळं.

आषाढातल्या आखाडीला नाव पाण्यात घालायच्या आधी पूजा असायची. सखूबाईने, म्हणजे डोमाजीच्या बायकोने, जवसाच्या तेलात शेंदूर कालवून आणला. नावेच्या नाकाला शेंदूर लागला, नारळ फुटला, आणि वाटीत बराच शेंदूर उरला. डोमाजी वाटी घेऊन मागच्या बाजूला गेला आणि त्याने दोन्ही लाद्यांना चांगले जाड दोन हात दिले. खड्डे बुजले, देवी गेल्या, लाद्या लालभडक दिसू लागल्या.

"साहेबानं काही लावू नको म्हटलं होतं ना?" सखूबाई म्हणाली.

"त्यायनं रंग म्हटला होता. हा शेंदूर हाये."

शेंदराला रंग म्हणायची छाती कुणाची होती? गावच्या मारुतीला शेंदूर चढतो, त्याला कुणी रंग दिला असं म्हणत नाही. सखूबाईने उलट हात जोडले. तिच्या मागे उभ्या असलेल्या बायांनीही जोडले. आठ दिवसांत त्या लाद्यांना जस्तोबा हे नाव पडलं आणि पुढच्या आखाडीला जस्तोबाचा स्वतंत्र नारळ आला.

आणि देव पावलाही. जवसाचं तेल वाळलं की त्याचं कातडं होतं, आणि शेंदूर मिसळला की ते कातडं पाण्यालाही दाद देत नाही. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, जस्तोबा कणभर झिजला नाही. डोमाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकवून दाखवायचा. बंडोपंतांनी हे एकदा पाहायला हवं होतं असं त्याला मनापासून वाटायचं. पण त्यांची बदली तिकडे चांद्याला झाली होती. नाहीतर त्यांनी ते पाहून कपाळावर हात मारला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

ज्या आखाडीला जस्तोबाला पहिला शेंदूर लागला, तिच्या आधीच्या उन्हाळ्यात सुकाणूच्या बिजागऱ्या नव्या केल्या होत्या. त्या रूपराव लोहाराने घडवल्या. रूपराव हा पंचक्रोशीत एकच लोहार असा होता, की ज्याच्या हातचा फाळ घ्यायला लोक दोन गावं ओलांडून यायचे. बोलणं कमी. लोखंडाचा तुकडा ऐरणीवर ठेवायचा, एक ठोका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचा. आवाज पसंत पडला नाही तर तुकडा बाजूला. डोमाजीच्या बिजागऱ्यांसाठी त्याने चार तुकडे बाजूला टाकले आणि पाचवा घेतला.

चौपन्न सालच्या भाद्रपदात, बाजाराच्या दिवशी, भर धारेत सुकाणूची बिजागरी तुटली. नदी दोन्ही काठ भरून होती. नाव भोवऱ्यात सापडल्यासारखी फिरली, पाव कोस वाहत गेली आणि बाभळींच्या रांगेवर जाऊन आदळली. टोपल्या पाण्यात गेल्या. पलीकडच्या काठाची शालूबाई, चाळिशीची भाजीवाली, नावेच्या कडेवर आपटली आणि तिचा उजवा हात कोपरात मोडला. तिला आणि बाकीच्यांना डोमाजीने एकेक करून काठावर आणलं. माणूस एकही गेला नाही, हे नदीचे उपकार.

चार दिवसांनी नवे ओव्हरसियर चौकशीला आले. नाव अजून बाभळींत अडकलेली, तिचं मागचं अंग गाळात आणि पाण्यात. ते पाहायला खाली उतरेल असा माणूस तो नव्हता. चिंचेखाली खाट टाकली होती, तिच्यावर बसून त्याने विचारलं, "काय तुटलं?"

"बिजागरी, साहेब," डोमाजी म्हणाला.

"कुणी केली होती?"

"रूपरावनं."

या दोन उत्तरांत खोटं एक अक्षर नव्हतं. डोमाजीला तेव्हा जस्ताची आठवणसुद्धा झाली नव्हती. पुढे तो स्वतःला हेच सांगत असे, आणि इथवर ते खरंही होतं.

रूपराव पुढे झाला. म्हणाला, "लोखंड खरं होतं साहेब. मी ठोकून, आयकून घेतलं होतं."

"आयकाले काय गाणं होतं थे?" खुशाल पाटील म्हणाले.

सगळे हसले. साहेब हसला. आणि डोमाजीही हसला. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलले. पण रूपरावने नेमकं त्याच वेळी त्याच्याकडे पाहिलं होतं.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा पाणी ओसरलं आणि दोरखंड लावून नाव काठावर घेतली. माणसं भाकरी खायला घरी गेली आणि डोमाजी एकटाच नावेखाली वाकला. पंख्याभोवतीचं लोखंड त्याने अंगठ्याने दाबलं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा लोखंडाचा पदर सुटून हातात आला. सुकाणूचा खिळा अर्धा खाल्लेला. बुडाच्या पत्र्याला दोन ठिकाणी बोट आत जाईल अशी भोकं. उरलेली बिजागरीही तशीच, कडेने कागदासारखी झालेली. आणि या सगळ्या सडक्या लोखंडाच्या मधोमध जस्तोबा बसला होता, लाल, गुळगुळीत, जसाच्या तसा.

डोमाजीने नखाने शेंदूर खरवडला. कातडं निघालं. खाली जस्त होतं तसंच होतं, जुन्या खड्ड्यांसकट. दोन वर्षांत पाण्याने त्याचा एक घासही घेतला नव्हता. पाण्याने ताट बदललं होतं, एवढंच.

बंडोपंतांचा आवाज त्याला इतका स्पष्ट ऐकू आला की त्याने मागे वळून पाहिलं. मग तो तिथेच ओल्या वाळूत बसला. शालूबाईचा हात त्याने मोडला होता. रूपरावचं लोखंड खरं होतं.

त्या दिवशी तो उठून सरळ चावडीवर गेला असता, तर ही हकीकत सांगायची गरज पडली नसती. तो घरी गेला. सखूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका."

"सांगतो."

"कवा?"

"दिवाळी होऊन जाऊ दे."

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. डोमाजी रोज सकाळी ठरवायचा आणि रोज त्याला काहीतरी आडवं यायचं. सांगितलं की नाव हातातून जाणार. नाव गेली की घाटावर डोमाजी कोण? शालूबाईचा नवरा काय म्हणेल? आणि पाटील काय हसतील! खरं सांगायचं तर नाव जाण्यापेक्षा त्याला त्या हसण्याची धास्ती जास्त होती. आपलं झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याचं वाकून पाहायचं, ही रीत जगाचीच आहे, पण इथे झाकलेलं होतं ते दुसऱ्याच्या मुळावर आलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती आणि चोराला सगळा गाव राम राम घालत होता.

रूपरावच्या भात्यासमोर बसणारी माणसं कमी झाली. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर बोललं नाही. फाळ तेवढे दुसऱ्या गावी जाऊ लागले. पोळ्याला ज्यांनी त्याच्याकडून बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा ठोकून घेतल्या होत्या, त्यांनीच आता गाडीला जरा खडखड झाली की म्हणावं, "रूपरावचं काम दिसते." हा शब्द गावात म्हणीसारखा रुळला. पोरं पाटीची चौकट मोडली तरी म्हणायची, रूपरावचं काम.

संक्रांतीनंतर रूपरावने बिऱ्हाड हलवलं. पुलगावच्या मिलमध्ये कापसाच्या गाठी ओढायचं काम मिळालं म्हणे. पन्नाशीचा माणूस, जन्मभर आगीपुढे बसलेला. गाडीत ऐरण चढवायला चार माणसं लागली, त्यांत एक डोमाजी होता. ऐरणीचं ओझं खांद्यावर असताना सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. रूपराव म्हणाला, "सांभाळून गा, पायावर पडन." एवढ्या आपुलकीने म्हणाला की डोमाजीने नुसता खांदा सावरला. गाडी निघून गेली.

मग डोमाजीने एक काम केलं आणि तेही चोरासारखं. एका दुपारी घाटावर चिटपाखरू नसताना त्याने विळ्याने दोन्ही लाद्यांचा शेंदूर पार खरवडून काढला. वर्ध्याहून बुडाला नवे पत्रे आले होते, नव्या बिजागऱ्या आल्या होत्या. जस्तोबाचा शेंदूर कुठे गेला असं बायांनी विचारलं तर म्हणाला, पुराच्या पाण्यानं धुतला. पुन्हा लावू दिला नाही. लाद्या झिजू लागल्या, खड्डे पडू लागले, आणि नव्या बिजागऱ्यांना गंज शिवला नाही.

त्याला वाटलं, निदान एवढं तरी नीट झालं. पण झालं भलतंच. पंचावन्नचा पूर आला आणि गेला, बिजागरी टिकली. छप्पन्नचा आला, टिकली. पुढे आमचा मुलूख नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला, ओव्हरसियर बदलले, पण बिजागरी जागची हलली नाही. आणि दर पावसाळ्यात पाटील सुकाणूकडे बोट दाखवून म्हणायचे, "पाहा, वर्ध्याचं काम. इतके पावसाळे झाले, हललं नाई. नाईतर आपला रूपराव." नाव जितकी शाबूत, तितका रूपराव खोटा. डोमाजीने आपली चूक जेवढी चोख निस्तरली, तेवढा त्या माणसावरचा आळ पक्का होत गेला. हे त्याला दर खेपेला दिसायचं. सुकाणू हातात धरून उभं राहणंच त्याला नकोसं झालं, आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं.

अठ्ठावन्नच्या माघात रूपराव आला. भाच्याचं लग्न होतं, मुलगी पलीकडच्या काठची. वऱ्हाड परतताना नावेत होतं. पाटील होते, नवरीच्या माहेरच्या पाहुण्यांबरोबर शालूबाई होती, तिचा उजवा हात कोपरातून वाकडाच बसला होता. रूपराव मागे सुकाणूजवळ येऊन बसला. फार वाळला होता. नाव धारेत आली तसा तो वाकला आणि पाण्यावर दिसणाऱ्या बिजागरीवरून त्याने अंगठा फिरवला.

"खरं काम हाये," तो म्हणाला. "माह्यं असं नाई जमलं."

डोमाजीने इंजिन बंद केलं. नाव आपल्या वेगाने काठाला लागली. माणसं उठू लागली तसा तो उतरायच्या फळीवर आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "कोणी उतरू नका. मले एक सांगाचं हाये."

त्याने सांगितलं. बंडोपंतांनी काय बजावलं होतं ते, शेंदूर का लावला ते, बुडाचं लोखंड कसं सडलेलं निघालं ते. शालूबाईकडे पाहून म्हणाला, "तुह्या हाताले मी जबाबदार हाओ. रूपरावचं लोखंड खरं होतं." इतकी वर्षं घोळवलेलं सगळं बोलायला त्याला चार मिनिटंही लागली नाहीत.

पाटील म्हणाले, "काय बोलून राह्यला डोमाजी? देवाच्या शेंदरानं लोखंड तुटते काय?" आणि बाकीच्यांकडे वळून, गहिवरल्यासारखे, "लोहाराची लाज राखून राह्यला थो. घरच्या कार्यात आला बिचारा रूपराव, त्याले बरं वाटावं म्हणून. मन पाहा माणसाचं."

"मी खरं सांगून राह्यलो पाटील."

"हो हो, खरं. उतरू दे आता."

शालूबाई जवळ आली. तिने डाव्या हाताने डोमाजीचा हात धरला. "माह्या मनात काही नाई, भाऊ. त्या दिवशी तू होता म्हणून मी वाचली. दुसऱ्याचं पाप कायले अंगावर घेतं?" आणि ती वाकून त्याच्या पायांना हात लावून उतरली. तिच्या मागून आणखी दोघांनी लावला. डोमाजी नको नको म्हणत मागे सरकत होता आणि लोकांना तोही त्याचा मोठेपणाच वाटत होता. लाजेने मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्याला इतक्या वर्षांत आता खरं कळलं.

सगळे गेले. रूपराव तेवढा बसून होता.

"बुडाचा पत्रा बी गेलता?" त्याने विचारलं.

"दोन ठिकाणी."

"अन् सुकाणूचा खिळा?"

"अर्धा खाल्लेला."

"म्हणजे माह्यं एकट्याचंच नाई. सगळंच गेलतं." रूपरावने मान हलवली. गोष्ट लोखंडाची होती, त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड आल्यासारखं झालं. मग त्याने विचारलं, "थे तुले कवा दिसलं?"

डोमाजीला इथे खोटं बोलता आलं असतं. गेल्या साली म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"त्याच दिवाळीले. आधीच्या आठवड्यात."

"मी त संक्रांत करून गेलतो."

"हो."

चेहऱ्यावर आलेलं ते गेलं. रूपराव उठला, त्याने पायांत वहाणा घातल्या. तो शिवी देईल, एखादी थोबाडीत देईल, अशी डोमाजीला आशा वाटली. होय, आशाच. पण रूपराव आपल्या हातांकडे पाहत होता. गाठी ओढून तळव्यांची कातडी वेगळीच झाली होती.

"माह्या पोराले लय हौस होती भात्याची," तो म्हणाला. "मी हातोडा धरू देल्ला नाई. मले वाटे, खोट माह्या हातातच हाये. मी शिकवलं त थे त्याच्या हातात उतरन."

एवढं बोलून तो फळीवरून उतरला आणि वऱ्हाडाच्या मागे चालू लागला.